आधी धाकट्यांची पाटी

माझ्या नातीनं मला भांडायला बसवलं होतं. घरात मी तशीही भांडते, त्याला कुणी बसवावं लागत नाही. पण हे भांडण शिकवणीतलं होतं. चार पंच समोर उभे, मध्ये टेबल, आणि मी पलीकडून तोंड सोडायचं, असं ते काम. या वयात कुणी मला काम देईल असं वाटलं नव्हतं, तेही असलं.

सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल, नाहीतर म्हातारी भरकटली म्हणाल.

आम्ही तेरचे. नात धाराशिवला इंजिनिअरिंगला आहे, रविवारी घरी येते. शाळेत असताना ती रोबोटच्या स्पर्धेत खेळायची. रोबोट म्हणजे हातपाय असलेला, चालता बोलता पुतळा असेल अशी माझी समजूत होती. ती निघाली प्लास्टिकच्या तुकड्यांची चाकाची गाडी. पोरं लॅपटॉपवर तिला आधी सांगून ठेवतात, पुढं जा, वळ, ठोकळा उचल, आणून ठेव. मग ती आपली आपण जाते. टेबलावर एका कोपऱ्यात निळी रेघ मारलेली असते, त्याला म्हणतात घर. गाडी घरात असली तर पोरांनी तिला हात लावावा, चाक नीट करावं, काय करायचं ते करावं. रेघेबाहेर गेली की हात लावायचा नाही. लावला तर पंच बाजूचा एक लाल ठोकळा उचलतो आणि गुण कमी होतात. लाल ठोकळे थोडेच असतात. एक गेला तरी पोरांची तोंडं उतरतात.

गाडी अडली की हात जाणारच. आपलं लेकरू रांगता रांगता उंबऱ्याला अडकलं तर आपण उचलतोच की. पण नियम तो नियम.

नात खेळायची थांबली आणि पंच झाली. पहिल्याच वर्षी धाराशिवच्या स्पर्धेत तिच्या टेबलावर ईटच्या शाळेच्या पोरी होत्या. ईट भूम तालुक्यात, लांब. पोरी पहाटे उठून एसटीनं आलेल्या. त्यांची गाडी रेघेबाहेर अडली, एकीनं हात लावला, माझ्या नातीनं लाल ठोकळा उचलला. बरोबर केलं. तेवढ्याच गुणांनी त्या पोरी मागं पडल्या. तेही स्पर्धेत होतंच. पण त्याच वेळी शेजारच्या टेबलावर शहरातल्या एका शाळेच्या पोरानं तसाच हात लावला, आणि तिथले पंच म्हणाले, "जाऊ द्या, लेकरू हाय." ठोकळा जागेवर राहिला. ती शाळा पुढं गेली.

ईटच्या सरांनी ते डोळ्यानं पाहिलं होतं. मग जे व्हायचं ते झालं. खुर्च्या सरकल्या, आवाज चढले. स्पर्धा भरवणाऱ्या, लातूरहून आलेल्या मोठ्या लोकांनी कसंबसं मिटवलं आणि जाताना सांगून गेले, की पुढच्या वर्षी एकदा बघू, पुन्हा असंच झालं तर धाराशिवची स्पर्धा बंद, सगळ्यांनी लातूरला यायचं.

तेरला त्याचं काही नाही, आम्हाला लातूर जवळ आहे. पण ईटच्या, सोनारीच्या पोरी लातूरला कधी जाणार आणि कधी परत येणार? पोरं जातील. पोरींना घरचे म्हणतील, राहू दे बाई, पुढच्या वर्षी बघू. आणि पुढचं वर्ष काही येत नसतं, हे मला कुणी शिकवायला नको.

नात त्या दिवशी घरी आली ती न बोलता जेवली. मग म्हणाली, "आज्जे, माझा निकाल बरोबर होता. पण शेजारी तसा निकाल न्हवता, म्हणून माझा बी चुकीचा झाला."

"शेजारी कोण होतं?" मी विचारलं.

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "गुरुजी."

गुरुजी म्हणजे तिचे चौथीचे गुरुजी. आमच्याच गावातले, आता निवृत्त. तिला पहिल्यांदा मोटर आणि सेल जोडून पंखा फिरवायला त्यांनीच शिकवलं. आख्ख्या तेरमध्ये त्यांना वाईट म्हणणारा माणूस सापडणार नाही. कधी कुणाला छडी मारली नाही. कुणाचं काही चुकलं की म्हणायचे, "जाऊ द्या, लेकरू हाय." शाळेत ते शोभून दिसायचं.

तर पुढच्या वर्षीची पंचांची जबाबदारी नातीनं मागून घेतली. दुसरं कुणी घ्यायलाही तयार नव्हतं. आणि स्पर्धेच्या आधीचे रविवार तिनं आमच्या घरी शिकवणी लावली, कारण तिचं शाळेतलं जुनं टेबल आमच्याच पत्र्याच्या शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांमागं उभं होतं. सुनेनं ते पुसून काढलं. एक पाय मोडला होता, तिथं विटा लावल्या.

पंच चार. गुरुजी आलेच, त्यांना नको म्हणायची छाती कुणाची? दुसरी धाराशिवच्या एका शिंप्याची पोर, पॉलिटेक्निकला शिकते, डोक्याला ओढणी, आवाज इतका बारीक की शेडच्या दारातून ऐकू येत नव्हता. ती मला दादी म्हणायची. तिसरा सोनारीकडचा पोरगा, कॉलेजातलाच, सारखा हसणारा. आणि चौथ्या धाराशिवच्या शाळेतल्या एक मॅडम, डबा घेऊन यायच्या आणि सगळ्यांना वाढायच्या.

नातीनं मागच्या काही स्पर्धांचं शूटिंग मोबाइलवर गोळा केलं होतं. ते ती लॅपटॉपवर दाखवायची. गाडी चालली, अडली, हात आला, थांबव. मग चौघांनी आपापल्या पाटीवर लिहायचं, हात लागला का नाही, गाडी घरात होती का बाहेर. पाट्या गुरुजींनी शाळेतून आणलेल्या, खऱ्या दगडी. नातही पाटी घेऊन बसायची. लिहून झालं की सगळ्यांनी पाट्या वर करायच्या.

पहिल्या रविवारी पाट्या वर झाल्या आणि सगळ्यांवर एकच. दुसरं शूटिंग, पुन्हा एकच. तिसरं, तेच. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. नात इतकी खूश झाली की मला आत येऊन मिठी मारली. मी पीठ मळत होते, तिचा ड्रेस पांढरा झाला.

"आज्जे, सगळ्यांचं जुळलं! पहिल्याच दिवशी!"

"मग गेल्या वर्षी काय झालं होतं?" मी विचारलं.

तिला ते आवडलं नाही.

दुसऱ्या रविवारी तिनं मला बोलावलं. म्हणाली, नुसता निकाल देऊन भागत नाही, निकाल दिला की शाळेचे सर अंगावर येतात, पोरांचे आईबाप येतात, तेव्हा पंच डगमगतो. त्याचा सराव पाहिजे. कुणीतरी ओरडायला पाहिजे.

"मग मॅडमला सांग."

"मॅडम ओरडल्या तर सगळ्यांना हसू येतंय. तू वरड."

"काय वरडू?"

"म्हंजे तुला शिकवावं लागतंय का?"

सोनारीचा पोरगा तिथंच फिसकन हसला. मी पदर खोचला.

पहिली पाळी शिंप्याच्या पोरीची. तिनं पाटीवर लिहिलं, हात लागला. मी म्हटलं, "डोळे हायत का गारगोट्या? माझ्या लेकरानं हात लावला? कवा लावला? तू तवा कुठं बघायलीस? ओढणी सावरायलीस न्हवं!"

पोरीचा चेहरा पडला. "सॉरी दादी," म्हणाली आणि पाटी पुसायला लागली.

"पुसू नको!" नात किंचाळली. "आजी वरडली म्हणून निकाल बदलतोय का?"

"पर दादी म्हनतेत ना..."

"दादीला काय कळतंय त्यातलं!"

हे मला लागलं, पण खरं होतं. मग नातीनं तिच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली. आम्ही हे पाहिलं. नियम असा आहे. पटत नसेल तर मुख्य पंचांना बोलावते. बस, तीनच वाक्यं, त्यापुढं एक शब्द नाही. जो येईल त्याला हीच, शहरातला असो नाहीतर खेड्यातला, साहेब असो नाहीतर शेतकरी. मी तिला दुपारभर शिव्या घातल्या आणि ती दुपारभर बारीक आवाजात तीच तीन वाक्यं म्हणत राहिली. शेवटी शेवटी तर माझ्या डोळ्यात बघून म्हणायला लागली. माझा घसा बसल्यावर तिनंच पाणी आणून दिलं. "दादी, तुमी लई खरं खरं वरडता," म्हणाली.

गुरुजींसमोर मात्र मी ओरडले नाही. एकदा प्रयत्न केला. म्हटलं, "गुरुजी, तुमचा निकाल चुकला." ते म्हणाले, "असंल अक्का. म्हातारपणी होतंय." त्या माणसाशी भांडायचं कसं?

तिसऱ्या रविवारी गुरुजी आले नाहीत. भावकीत लग्न होतं. नात म्हणाली, आज जुनीच शूटिंगं बघू, उजळणी. पहिल्या रविवारचीच लावली. आणि पाट्या वर झाल्या त्या वेगवेगळ्या तऱ्हेच्या. मॅडमच्या पाटीवर घरात, सोनारीच्या पोराच्या पाटीवर बाहेर. शिंप्याच्या पोरीनं लिहिलं, हात लागला. नातीनंही लिहिलं, हात लागला. मॅडम म्हणतात, लागला नाही, नुसता जवळ आला. दुसरं शूटिंग लावलं, तिथंही तीच गत. ज्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं होतं, तिच्यावर आता तीन मतं.

मी दारात तूर निवडत बसले होते. आत एकदम गप्प झालं म्हणून मान वळवली. नात आपल्या पाटीकडं बघत बसली होती.

"त्या दिवशी तुमी काय लिव्हलं होतं?" तिनं सोनारीच्या पोराला विचारलं.

तो नेहमीसारखा हसला नाही. "गुरुजींनी लिव्हलं होतं ते."

"आन मॅडम तुमी?"

"अगं, ते पुढंच बसले होते. त्यांची पाटी दिसतीय की. त्यांनी एवढी वर्षं पोरं बघितलेली. म्हटलं त्यांना जास्त कळत असंल."

शिंप्याच्या पोरीनं आपली पाटी उलटी ठेवली. तिला विचारायची गरजही नव्हती.

म्हणजे ते जुळलं होतं ते नियमाशी नाही, गुरुजींच्या पाटीशी. मोठं माणूस आधी लिहितं, त्याच्यानंतर लहानांनी लिहायचं, आणि वेगळं लिहायचं नाही. आमच्याकडं जेवायला बसतानाही मोठ्यानं घास घेतल्याशिवाय कुणी घेत नाही. कुणी कुणाला सांगून केलेलं नव्हतं ते. पाटीवरही आपोआप तसंच झालं. शहाणी, शिकलेली माणसं, पण सगळ्यांचे डोळे टेबलाकडं नव्हते, पुढच्या पाटीकडं होते.

स्पर्धेला आता थोडेच दिवस उरले होते. पाटी धाकट्यांनी आधी वर करायची आणि गुरुजींनी सगळ्यांच्या शेवटी, मागं बसून, हा उपाय नातीला तिथंच सुचला. उपाय सोपा होता. तो गुरुजींना सांगायचा कुणी?

"मी सांगते," मी म्हटलं. "आम्ही बरोबरीचे हाव."

"न्हाय. माझे गुरुजी हायत, मी सांगणार. तू फकस्त संगं चल. बोलू नको."

संध्याकाळी गेलो. गुरुजी लग्नाहून आले होते, कपाळावर अजून अक्षता चिकटलेल्या, आणि अंगणातल्या कढीपत्त्याला तांब्यानं पाणी घालत होते.

"ये गं. पेपर अवघड गेला का?"

"न्हाय गुरुजी. ते पाटीचं बोलायचं होतं."

तिनं सांगितलं. घाबरत, अडखळत, पण सगळं सांगितलं. गुरुजी तांब्या हातात धरून उभे. पाणी संपलं होतं, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

"म्हंजे मी चुकायलोय म्हण की."

"तुमी चुकता का बरोबर हाव, तेच कळंना झालंय गुरुजी. तुमची पाटी बघून सगळे लिव्हतात. म्या बी."

"तू बी?"

"पहिल्या दिवशी मला वाटलं होतं हात भायेर लागला. तसंच लिव्हलं होतं. मग तुमची पाटी दिसली आन पुसलं."

गुरुजींनी तांब्या कट्ट्यावर ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्का, तुमी कशाला आलाव?"

"ती भेत होती म्हणून."

"भ्यायला मी वाघ हाय का?"

"वाघ असता तर भ्याली नसती. वाघाला दगड मारता येतो."

नातीनं मला चिमटा काढला. गुरुजी हसले नाहीत. चहा झाला, बशीत ओतून त्यांनी तो प्यायला आणि उठताना एवढंच म्हणाले, "बघू."

आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही. परत येताना पोर रडत होती. मी म्हटलं, रडू नको, सांगायचं ते सांगितलंस. ते आले नाहीत तर तीन पंच आणि चौथी मी. ती रडता रडता म्हणाली, "तू पंच झालीस तर पोरं टेबल सोडून पळतील."

रविवारी गुरुजी आले. सगळ्यांच्या आधी. शेडमध्ये शेवटच्या पोत्यावर जाऊन बसले, भिंतीला टेकून. नातीनं सांगितलं, सगळ्यांत लहान तिनं आधी पाटी वर करायची, मग त्याहून मोठा, असं करत शेवटी गुरुजी. पहिलं शूटिंग झालं. शिंप्याच्या पोरीनं लिहिलं, पाटी अर्धी वर केली, आणि मान वळवून मागं बघितलं.

गुरुजी छताकडं बघत होते. "मी पत्रे मोजायलोय," ते म्हणाले. "तू तुझं बघ."

आता खऱ्या पाट्या वर यायला लागल्या. सुरुवातीला काहीच जुळेना. प्रत्येक शूटिंगवर भांडण, आणि यावेळी मला बोलवावं लागलं नाही. रेघेवर चाक असलं तर घरात का बाहेर? नियमात होतं ते नातीनं मराठीत वाचून दाखवलं. गाडीचा जराही भाग रेघेवर किंवा रेघेच्या आत असला तरी ती घरात. पुन्हा बघा. पुन्हा लिहा. दुपारपर्यंत तिघांचं बरंच जुळायला लागलं. गुरुजींचं एकट्याचं वेगळं. हात लागला हे त्यांना दिसायचं, पण पाटीवर यायचं, नाही लागला.

"परत लावा बरं," ते म्हणाले. लावलं. "लागला खरं. पण लेकरू केवढुसं हाय बघा की."

"गुरुजी," नात म्हणाली, "लेकरू केवढं हाय, ते पाटीवर कुठं लिव्हायचं?"

मॅडम डबा उघडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी ईटच्या पोरी पण तेवढ्याच होत्या गुरुजी."

गुरुजी पाटी मांडीवर घेऊन बसले. वाईट माणूस असता तर त्याला राग आला असता. हा माणूस सगळ्या पोरांवर माया करणारा, आणि त्याला पहिल्यांदा दिसलं, की एकाला दिलेली सूट त्याच्या टेबलापुरतीच होती. पलीकडच्या टेबलावरच्या लेकरानं ती कुणाकडं मागायची? मग त्यांनी ओल्या बोटानं पाटी पुसली आणि लिहिलं. लागला. पाटी शेवटी वर आली, पण आली.

स्पर्धा धाराशिवच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मला नेलंच. दोरीच्या अलीकडं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. आवाज म्हणजे बाजार परवडला. पंचांना काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे टीशर्ट दिले होते. गुरुजींनी आपला सदरा काढला नाही, वरूनच टीशर्ट चढवला, डोक्यावर टोपी. शहरातली पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढत होती. लातूरचे पाहुणे स्टेजवर बसले होते आणि मधूनमधून आपसात बोलत होते. नात मुख्य पंच. ती कुठल्याच टेबलावर नव्हती, मध्येच उभी होती, हाताची बोटं एकमेकांत अडकवून. ती बोटं मी लहानपणापासून ओळखते. घाबरली की असंच.

गुरुजी आणि शिंप्याची पोर एका टेबलावर, मॅडम आणि सोनारीचा पोरगा दुसऱ्यावर. आणि नशीब असं, की ईटच्या पोरी गुरुजींच्या टेबलावर आल्या. त्यांत एक नवी होती, अगदी बारकी, दोन वेण्या लाल रिबिनीनं बांधलेल्या, टेबलाच्या काठावर हनुवटी येत होती. गाडी छान गेली. पिवळे ठोकळे उचलले, फिरली, परत निघाली, आणि घराच्या रेघेअलीकडं अडली. अगदी जवळ. चाक नुसतंच फिरत राहिलं. त्या बारकीनं झटकन हात घातला आणि गाडी आत ओढली.

शिंप्याच्या पोरीचा हात वर झाला. तिनं मागं वळून बघितलं नाही. लाल ठोकळा उचलला.

ईटचे सर दोरी ओलांडूनच आले. "गेल्या साली बी आमीच, औंदा बी आमीच? रेघेला टेकली होती गाडी!"

"आम्ही हे पाहिलं," पोर म्हणाली. आवाज बारीकच, पण ऐकू येत होता. "नियम असा आहे. पटत नसेल तर मुख्य पंचांना बोलावते."

"बोलवा! बोलवाच!"

स्टेजवरचे पाहुणे बोलायचे थांबले. नात आली. तिनं गुरुजींकडं बघितलंही नाही, आधी पोरीला विचारलं, "काय पाहिलं?"

"गाडी सगळी रेघेच्या बाहेर होती. टेकली नव्हती. हात लागला."

"गुरुजी?"

बारकी हुंदके देत होती. गुरुजींनी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, झालं. आता म्हणणार.

"भायेर होती," गुरुजी म्हणाले. "बोटभर होती, पण भायेर होती. हात लागला."

ईटचे सर नातीकडं वळले. "हे आमच्यासाठीच हाय का तिकडं बी असंच हाय?"

"सर, त्या टेबलाजवळ जाऊन उभं राहा," नात म्हणाली. "दिवसभर राहा. तिथं हात लागला आन ठोकळा उचलला न्हाय, तर मला सांगा. मग तुमी म्हणाल ते."

ते गेले. हाताची घडी घालून उभे राहिले. मीही खुर्ची उचलून तिकडं गेले. मला काही सुचेना झालं होतं.

"मावशी, तुमचं कोण खेळायलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाय. ती मुख्य पंच माझी नात."

"मग तुमी तिचीच बाजू घेणार."

"मी तिच्यासंगं रोज भांडते. ती बरोबर असली की जास्त."

ते हसले नाहीत, पण थोडे सरकले आणि मला दिसेल अशी जागा करून दिली. बऱ्याच फेऱ्या झाल्या. कुणाचा हातच लागेना. असं कधी होतं का, पाहिजे तेव्हा कुणी चुकत नाही. दुपारनंतर शहरातल्या शाळेचा एक उंच पोरगा आला, पायात महागाचे बूट. त्याची गाडी मधोमध तिरकी झाली. त्यानं नुसतं एका बोटानं ढकललं, कुणाच्या लक्षात येणार नाही असं. सोनारीच्या पोराचा हात वर झाला. मॅडमनी मान हलवली. लाल ठोकळा गेला.

त्या शाळेचे सर धावत आले. कोट घातलेले, इंग्रजीतून बोलणारे. सोनारीचा पोरगा सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "आम्ही हे पाहिलं. नियम असा आहे. पटत नसेल तर मुख्य पंचांना बोलावतो." शब्द तेच. अक्षर इकडचं तिकडं नाही. कोटवाले आल्या पावली परत गेले.

ईटच्या सरांनी हाताची घडी सोडली. "बरं," एवढंच म्हणाले, आणि आपल्या पोरींकडं चालत गेले. मीही मागोमाग. ती बारकी भिंतीशी बसली होती, रिबीन सुटलेली.

"तिकडं बी उचलला गं," सर तिच्याजवळ उकिडवे बसत म्हणाले.

"खरं?"

"म्या बघितला की."

"कुणाचा?"

"त्या मोठ्या शाळेचा."

तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "आपली दुसरी फेरी कवा हाय?"

ईटच्या पोरी जिंकल्या नाहीत. दुसऱ्या फेरीत त्यांची गाडी भलतीकडंच गेली, हात कुणी लावला नाही. संध्याकाळी ईटचे सर नातीला भेटून गेले, नमस्कार केला आणि तक्रार काही दिली नाही. दिवसभरात कुणीच दिली नाही. लातूरचे पाहुणे जाताना "कळवू" म्हणाले. मोठ्या लोकांचं कळवू आणि आमचं बघू सारखंच, म्हणून मी कुणाला आशा लावली नाही.

बरेच दिवस काही कळलं नाही. एकदा सकाळी मी अंगणात शेणाचा सडा टाकत होते, तर गुरुजी फाटकातून आत आले, चालत, घाईनं. त्या वयात त्यांनी एवढी घाई करू नये.

"अक्का, राहिलं! स्पर्धा धाराशिवलाच!"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"पोरीचा फोन आला की आत्ता. आधी मलाच केला."

"मला न्हाय केला."

"तुमी उचलता कुठं? तुमचा फोन कणगीवर पडलेला असतोय."

मला राग आला होता. तरी सुनेला चहा टाकायला सांगितला. गुरुजी कट्ट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चेहरा असा, जसं काही त्यांच्याच घरी बारसं आहे.

"ती बारकी, रिबिनीवाली," ते म्हणाले. "येईल न्हवं पुढच्या साली?"

"पाचवीत हाय म्हणं. अजून कैक वर्षं येईल. ईटहून धाराशिवला घरचे पाठवतील की."

"कैक वर्षं," गुरुजी म्हणाले आणि मनात कसलासा हिशोब करायला लागले. मला तो हिशोब कळला.

"तवर तुमी असाल का ते बघा," मी म्हटलं.

"आन तुमी?"

"माझं मी बघते. चहा घ्या, गार व्हायलाय."